गाव दुसऱ्या गटात गेलं: काय बदलतं, काय बदलत नाही

एका ग्रामपंचायत सदस्यानं विचारलं आहे: आमचं गाव साधारण एकोणीसशे लोकसंख्येचं. आजवर नदीच्या अलीकडच्या जिल्हा परिषद गटात होतं. २०२५ च्या रचनेत ते नदीपलीकडच्या गटात टाकलं आहे. पूल दूर आहे, बाजार अलीकडे आहे, सोयरीकही अलीकडेच. हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरवलं, आता बदलून मिळेल का, आणि पलीकडचा माणूस निवडून आला तर आमच्याकडे कोण बघणार?

माझी बहुतेक नोकरी तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत झाली. गट आणि गणांच्या (गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ) याद्या मी स्वतः बसवल्या आहेत, हरकतींवरचे अहवालही लिहिले आहेत. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी गावात पसरलेली भीती दूर करू. गट हा केवळ निवडणुकीसाठी पाडलेला विभाग आहे. गट बदलला म्हणून तलाठी सजा, महसूल मंडळ, पोलीस ठाणं किंवा रेशन दुकान बदलत नाही. तुमचं आरोग्य उपकेंद्र ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडलं आहे, त्यालाच जोडलेलं राहतं. शाळा ज्या केंद्रात आहे त्याच केंद्रात राहते. प्रत्येक रचनेनंतर ‘आता दाखल्यासाठी पलीकडं जावं लागणार’ अशी बोलवा उठते आणि म्हातारी माणसं हवालदिल होतात. तसं काही होत नाही, हे आज रात्रीच चावडीवर सांगा. बदलतं ते एवढंच की जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत तुमच्या वतीनं कोण बोलणार. ही गोष्ट लहान नाही. म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी.

महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून तो झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. या कायद्याच्या कलम १२ नुसार जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचे गट पाडतात. एका गटातून जिल्हा परिषदेचा एकच सदस्य निवडून येतो. कलम ५८ नुसार प्रत्येक गटाचे दोन गण होतात आणि एका गणातून पंचायत समितीचा एक सदस्य येतो. म्हणून मतदानाच्या दिवशी तुम्ही दोन मतं देता, एक गटाला आणि एक गणाला. जिल्हा परिषदेच्या जागा किमान ५० आणि कमाल ७५ असतात. आधी त्या लोकसंख्येच्या प्रमाणात तालुक्यांना वाटल्या जातात, पण कोणत्याही तालुक्याला दोनपेक्षा कमी गट देता येत नाहीत. लोकसंख्या आणि जागा यांचं प्रमाण शक्य तितकं सारखं असावं, ही अट संविधानाच्या अनुच्छेद २४३सी मधून येते.

मग तालुक्यात गट कसे पडतात? काम सुरू होतं तालुक्याच्या उत्तर टोकापासून. तिथून ईशान्य, पूर्व असं नागमोडी वळत रचना दक्षिणेला संपवायची असते. गावं सलग घ्यायची, मध्ये उडी मारायची नाही. ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही. नद्या, डोंगर, मोठे रस्ते या नैसर्गिक हद्दी पाहायच्या. लोकसंख्या मात्र सरासरीच्या दहा टक्के वर किंवा दहा टक्के खाली, या पट्ट्यातच ठेवायची. आणि ही लोकसंख्या असते जनगणनेची, म्हणजे अजूनही २०११ चीच.

तुमच्या गावावर काय ओढवलं ते या पद्धतीतच दडलं आहे. वरच्या बाजूचे गट बसवताना एक-दोन गावं इकडची तिकडे झाली की तो फरक खाली सरकत येतो. उत्तरेकडच्या गटाला थोडी लोकसंख्या जास्त गेली, तर दक्षिणेकडच्या गटाला ती कुठून तरी भरून काढावी लागते. मग नदीकाठचं, हद्दीवरचं गाव उचललं जातं. त्या गावाशी कोणाचं वैर नसतं. ते फक्त हद्दीवर असतं आणि त्याची लोकसंख्या गणितात नेमकी बसते. नैसर्गिक हद्द आणि लोकसंख्या यांचा सामना झाला की लोकसंख्या जिंकते, कारण हद्दीची अट ‘शक्यतो’ अशी आहे आणि लोकसंख्येला आकडा आहे. काही ठिकाणी रचनेत राजकीय हात फिरतो, हेही मी नाकारणार नाही. पण हरकत घेताना त्यावर भर देऊ नये. तो सिद्ध होत नाही, आणि खरा मुद्दा मागं पडतो.

‘मागच्या वेळी जे होतं तेच का ठेवलं नाही?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जाई. त्याचं एक मोठं कारण म्हणजे नगरपंचायती. तालुक्याच्या गावाची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली की तिची सगळी लोकसंख्या जिल्हा परिषदेच्या हिशेबातून बाहेर पडते. तालुक्याचा एखादा गट कमी होतो आणि राहिलेल्या गावांची मांडणी मुळापासून करावी लागते. दुसरं कारण म्हणजे २०२२ चा गोंधळ. त्या वर्षी कायदा बदलून जागांची मर्यादा ५५ ते ८५ केली, त्याप्रमाणे गट पाडले, आणि जूनअखेर सरकार बदलल्यावर ऑगस्टमध्ये मर्यादा पुन्हा ५० ते ७५ झाली. २०२२ चे ते गट कागदावरच राहिले. त्यामुळे तुमच्या गावात एकाला २०१७ चा गट आठवतो, दुसऱ्याला २०२२ चा, आणि दोघंही आपलंच खरं म्हणतात. तुलना करायची तर २०१७ शी करा, कारण बहुतेक जिल्हा परिषदांचं शेवटचं मतदान त्या वर्षीच्या फेब्रुवारीत झालं होतं.

आता बदलून मिळेल का? प्रारूप रचना जुलै २०२५ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. हरकतींसाठी आठवडाभराची मुदत होती. विभागीय आयुक्तांनी सुनावण्या घेऊन निर्णय दिले आणि ऑगस्टमध्ये रचना अंतिम झाली. अंतिम झालेली रचना जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत. कोणी ‘साहेबांना सांगून करून देतो’ म्हणत असेल तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

न्यायालयाची वाट अरुंद आहे. अनुच्छेद २४३ओ मुळे मतदारसंघ आखण्याच्या कायद्याची वैधता न्यायालयात आव्हानित करता येत नाही. उत्तर प्रदेशातल्या प्रधान संघ क्षेत्र समितीच्या खटल्यात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हरकती मागवल्याच नाहीत किंवा ऐकूनच घेतल्या नाहीत तर गोष्ट वेगळी, पण निवडणुकीची अधिसूचना निघाल्यानंतर तोही मुद्दा चालणार नाही. तुमच्या गावानं मुदतीत हरकत दिली होती का? दिली असेल आणि ती सुनावणीला घेतलीच नसेल, तर वकिलाकडे जाण्यात अर्थ आहे. हरकतच दिली नसेल, तर वर्गणी काढून उच्च न्यायालयात जाऊ नका. तो पैसा शाळेला लावा.

गावाचा आवाज कमी होतो तो मतदानाच्या दिवशी नव्हे, नकाशाच्या आठवड्यात. प्रारूप तहसील कार्यालयाच्या फलकावर लागतं, पेरणीचे दिवस असतात, कोणी बघत नाही. इच्छुक उमेदवार तेवढे बघतात आणि आपापल्या सोयीच्या हरकती देतात. सामान्य गावाची हरकत येते तेव्हा ती बहुतेकदा फेटाळली जाण्यासारखीच लिहिलेली असते. ‘आमच्या गावावर अन्याय झाला आहे, ग्रामस्थांच्या भावना तीव्र आहेत, मतदानावर बहिष्कार टाकू.’ खाली दोनशे सह्या. अशा अर्जावर अधिकारी काय करणार? त्याला गाव एका गटातून काढून दुसऱ्यात घालायचं तर दोन्ही गटांची आणि दोन्ही गणांची बेरीज मर्यादेत राहायला हवी. ती बेरीज तुम्ही करून दिली नाही तर तो तुमच्यासाठी करणार नाही. त्याच्यासमोर शेकडो अर्ज असतात.

चांगली हरकत कशी असते ते आकड्यांनी सांगतो. आकडे नमुन्यादाखल घेतले आहेत. समजा तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या २,१०,००० आणि गट पाच. गटाची सरासरी ४२,०००. दहा टक्क्यांच्या हिशेबानं गट ३७,८०० ते ४६,२०० मध्ये बसला पाहिजे. गणाची सरासरी २१,०००, मर्यादा १८,९०० ते २३,१००. तुमचं गाव १,९०० चं. पलीकडच्या ज्या गणात ते टाकलं, त्याची लोकसंख्या १९,४००. तुम्ही बाहेर पडलात तर तिथं १७,५०० उरतात, म्हणजे मर्यादेच्या खाली. नुसतं ‘आम्हाला काढा’ म्हटलं की हरकत इथंच संपते.

आता नकाशा समोर घ्या आणि तुमच्या जुन्या गणातलं, पण नदीच्या पलीकडच्या काठावर असलेलं एखादं गाव शोधा. नद्या वळतात, अशी गावं सापडतात. समजा ते १,६०० चं आहे. ते तिकडे द्या आणि तुम्ही इकडे या. पलीकडचा गण होतो १९,१००, मर्यादेत. जुना गण २१,९०० चा होता, तो होतो २२,२००, तोही मर्यादेत. दोन्ही गटांच्या बेरजेत तीनशेचाच फरक पडतो, फक्त त्या मर्यादेच्या काठावर नसाव्यात, एवढं तपासून घ्या. नदी हद्द म्हणून पाळली जाते, सलगता तुटत नाही. त्या दुसऱ्या गावाचाही संमतीचा ठराव जोडला, तर सुनावणीत अशी हरकत नाकारायला कारणच सापडत नाही. मान्य झालेल्या हरकती आठवतात त्या जवळपास सगळ्या अशाच होत्या: अदलाबदल सुचवणाऱ्या, एका पानाच्या, सोबत नकाशा आणि बेरजेचा तक्ता.

एक गोष्ट मात्र तपासायलाच हवी. अनुसूचित जाती आणि जमातींसाठी राखीव गट ठरवताना त्या गटातल्या त्यांच्या लोकसंख्येचं प्रमाण पाहतात आणि उतरत्या क्रमानं जागा लावतात. इतर मागासवर्ग आणि महिलांच्या जागा सोडतीनं निघतात. म्हणजे एखादं गाव हलवलं तर आरक्षणाचा क्रमही हलू शकतो. कुणाच्या तरी वस्तीला हक्काच्या जागेपासून दूर ठेवण्यासाठी गावांची अदलाबदल सुचवली जाते, हे मी पाहिलं आहे, आणि ते मला अतिशय वाईट वाटतं. तुमची मागणी तशी नाही हे तक्त्यातून स्पष्ट दिसू द्या. दोन्ही गावांच्या अनुसूचित जाती-जमातींच्या लोकसंख्येचा रकाना स्वतःहून टाका. आरक्षणाच्या फिरण्याबद्दल एक सांगून ठेवतो: २०२५ च्या नव्या नियमांनी चक्रानुक्रमासाठी ही निवडणूक पहिली धरली आहे. त्यामुळे ‘मागच्या वेळी राखीव होतं, आता नसणार’ हा जुना हिशेब या वेळी चालत नाही.

रचना अंतिम झाली तरी मतदार यादी बघणं तुमच्या हातात असतं. जिल्हा परिषदेसाठी वेगळी मतदार यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी गट आणि गणानुसार फोडतात. ही फोड करताना वाड्या-वस्त्यांची सरमिसळ होते. गाव एका गणात आणि मळ्यातली चाळीस घरं शेजारच्या गणात, असं घडतं, कारण यादीच्या भागात दोन गावांची नावं एकत्र असतात. प्रारूप यादी लागली की वस्तीनिहाय नावं तपासा. नवीन नाव घालायला हा टप्पा नाही, ते काम विधानसभेच्या यादीत आधीच करावं लागतं. पण चुकीच्या गणात गेलेलं नाव इथं दुरुस्त होतं. हे काम गावातली दोन कॉलेजची मुलं एका दिवसात करतील.

आता तिसरा प्रश्न, आणि मला वाटतं तुमच्या मनात खरा हाच आहे. पलीकडचा माणूस निवडून आला तर?

पहिलं म्हणजे उमेदवार त्या गटातलाच असावा अशी अट नाही. जिल्ह्याच्या ग्रामीण मतदार यादीत नाव असलेला माणूस जिल्ह्यातल्या कुठल्याही गटातून उभा राहू शकतो, पंचायत समितीसाठी तालुक्यातल्या कुठल्याही गणातून. त्यामुळे जुन्या गटात राहिला असता तरी सदस्य तुमच्या काठचाच असता असं नाही. दुसरं, गटात तीसेक गावं असतील तर त्यातल्या बहुतेक गावांना सदस्य ‘बाहेरचा’च असतो. त्याच्याशी नातं गावानं जोडायचं असतं.

त्यासाठी त्याच्या हातात काय आहे हे माहीत हवं. प्राथमिक शाळांच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रस्ते, लहान पाझर तलाव आणि बंधारे, अंगणवाड्या, जनावरांचे दवाखाने हे जिल्हा परिषदेचं काम. सदस्य सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारतो, स्थायी समितीत किंवा बांधकाम, शिक्षण, आरोग्य अशा एखाद्या विषय समितीत बसतो, सेसच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाच्या, पैशातून कामं सुचवतो. पंचायत समितीचा सभापती पदसिद्ध म्हणून जिल्हा परिषदेवर असतो. आमदार आणि खासदार जिल्हा परिषदेचे सदस्य नसतात. गावात ही कल्पना बऱ्याचदा नसते आणि शाळेच्या गळक्या छपरासाठी लोक थेट आमदाराकडे जातात. छपराचा प्रस्ताव पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून जातो, गणाचा सदस्य मासिक सभेत तो रेटू शकतो, आणि गटाचा सदस्य वर त्याला निधी मागू शकतो. तुमच्या गावासाठी गणाचा सदस्य अधिक जवळचा आहे. त्याला कमी लेखू नका.

जिल्हा नियोजन समितीवरही लक्ष ठेवा. संविधानाप्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांमधून यायला हवेत. मार्च २०२२ मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक आले. इतर मागासवर्ग आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला होता. अखेर ६ मे २०२५ ला न्यायालयानं निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तीन वर्षांहून जास्त काळ सदस्यच नव्हते, तर नियोजनाच्या बैठकीत गटाची बाजू कोण मांडणार होतं? पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीलाही निवडून आलेल्या मंडळाची अट होती. अधिकारी प्रामाणिक असला तरी तो मतं मागायला परत तुमच्या दारात येणार नसतो. मी स्वतः अधिकारी होतो आणि तरीही सांगतो, वाईटातला वाईट सदस्यसुद्धा रिकाम्या खुर्चीपेक्षा बरा.

नव्या गटात तुमच्यासारखीच अलीकडच्या काठची आणखी गावं टाकली आहेत का ते पाहा. असतील तर निवडणुकीआधी त्यांच्याबरोबर एक बैठक घ्या आणि दोनच मागण्या ठरवा. पूल दूर असल्यानं साकव किंवा जोडरस्ता ही एक असू शकेल. सगळ्या उमेदवारांना एकाच दिवशी, एकाच चावडीवर बोलवा आणि त्या मागण्या लेखी द्या. गटातल्या लढती अनेकदा काही शे मतांवर सुटतात, त्यामुळे तीन-चार गावं एका शब्दात बोलली तर पलीकडचा उमेदवार पुलावरून फेरा मारून येतो. गावातली प्रत्येक भावकी वेगळ्या उमेदवाराकडे गेली, तर मात्र कोणालाच तुमची गरज उरत नाही.

निम्म्या जागा महिलांच्या आहेत, २०११ पासून. तुमच्या गटाची जागा महिलेसाठी राखीव असेल, तर गावाच्या कामाचा अर्ज निवडून आलेल्या सदस्येच्याच हातात द्या, तिच्या पतीच्या किंवा दिराच्या नाही. तिला ग्रामसभेला बोलवा, तिला बोलू द्या, प्रश्न तिलाच विचारा. माझ्या पाहण्यात अशा सदस्या सहा महिन्यांत फाइली वाचायला लागल्या आणि दोन वर्षांत अभियंत्याला मोजमाप विचारायला लागल्या. जिथं गावानंच त्यांना बाजूला ठेवलं, तिथं त्या सहीपुरत्या राहिल्या.

आता पुढच्या वेळची तयारी. नवी जनगणना जाहीर झाली आहे, तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की त्यांवर पुन्हा गट पडतील आणि २०११ चं गणित मोडीत निघेल. म्हणून गणनेच्या वेळी ऊसतोडीला किंवा कामाला बाहेर गेलेली कुटुंबं गावात नोंदली जातील याची काळजी घ्या. मागच्या वेळी अनेक वाड्यांची लोकसंख्या यामुळेच कमी दिसली. आत्ताच ग्रामसभेत ठराव करा: गावाची नदीच्या अलीकडची जागा, पुलावरून जुन्या आणि नव्या गटाच्या मुख्य गावापर्यंतचं अंतर, बाजार, बँक, दवाखाना कुठं आहे ते. अंतराचा दाखला सार्वजनिक बांधकाम विभागाकडून घ्या, अंदाजानं लिहू नका. सोबत तालुक्याच्या नकाशाची प्रत आणि अदलाबदलीचा तक्ता, आकड्यांची जागा मोकळी सोडून. ही फाइल ग्रामसेवकाकडे एक आणि तुमच्याकडे एक ठेवा, कारण ग्रामसेवकाची बदली होते. निवडणूक शाखेत ठरावाची प्रत देऊन पोच घ्या. आणि प्रारूप जाहीर होणार असल्याची बातमी आली की रोज एक माणूस तहसीलच्या फलकावर जाऊन बघून येईल, हे आधीच ठरवून ठेवा.